चौदा दारं, एक रंग

१९ सप्टेंबर, गुरुवार

रंगाच्या कारखान्यात काम करून एक सवय लागली आहे. काम सुरू करण्याआधी परिस्थिती लिहून ठेवायची, म्हणजे नंतर कुणी ‘हे आधीपासून असंच होतं’ म्हणू शकत नाही. म्हणून ही वही.

आईच्या दोन्ही डोळ्यांच्या मध्यभागी धूसर ठिपका आहे आणि तो वाढतो आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. माझ्याशी बोलताना ती माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघते. तेव्हाच मी तिला दिसते.

सध्या ती ग्रीन बेला हेल्वीमावशीकडे आहे. तिथे डोळ्यांत इंजेक्शनं चालू आहेत. मावशीचं म्हणणं, आता तिकडेच या, शेजारचा तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होतोय, या जंगलात आंधळ्या बाईने काय करायचं. आईने यावर स्वतःच एक अट घातली: १२ ऑक्टोबरला ती परत येईल. स्वतःच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या मदतीशिवाय, सगळ्यांना कॉफी करून देता आली तर ती इथेच राहणार.

“आणि नाही जमलं तर?” मी फोनवर विचारलं.

“वाइनोच्या हातची कॉफी प्यायची वेळ आली, तर घर मी स्वतःच विकीन. तेवढा स्वाभिमान आहे मला.”

वाइनो म्हणजे आईचे दुसरे नवरे. मी कॉलेजात होते तेव्हा लग्न झालं. जन्मभर काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, बर्फ काढणारी गाडी चालवली, आता निवृत्त. आमच्यात भांडण नाही. फारसं बोलणंही नाही.

जुनं स्वयंपाकघर आजोबांनी केलेलं, पाइनचं, पिवळं, गाठीच गाठी. ओटाही पिवळा. पांढरा कप ठेवला की आईच्या लेखी तो नाहीसा होतो. ऑगस्टमध्ये मी आले होते तेव्हा ती एका दारावरची गाठ नखाने खरवडत होती. मनुका चिकटलाय म्हणाली. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं: कपाटं गडद करा, ओटा पांढरा, आणि दारांवर नक्षी, डाग, गाठी काही नको. जिथे डाग तिथे फसगत.

म्हणून वाइनोंनी आपल्या रानातल्या बर्चची नवी कपाटं केली आहेत. सांधे बघितले. चांगले आहेत. बर्चला गडद स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, एकसारखा बसत नाही, आणि त्यासाठी मला बोलावलं आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

नमुन्याच्या फळ्या केल्या. बर्चचे तंतू सरळ जात नाहीत, वळतात. जिथे वळतात तिथे स्टेन जास्त पितात, म्हणून ढगासारखे काळे डाग पडतात. उपाय असा: आधी चपडा, म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये अगदी पातळ करून त्याचा एक हात मारायचा. तहानलेल्या जागा त्यावर भागतात, मग स्टेन सगळीकडे सारखा बसतो. चपडा किती पातळ, हे फक्त नमुन्यांवरून ठरतं.

वाइनो दारात उभे राहून बघत होते. “पोरी, लाकूड आहे ते. पेशंट नाही.”

“पेशंटला एवढे नमुने लागत नाहीत.”

“माझ्या रस्त्यांवर कुणी डाग शोधले नाहीत कधी.”

“तुमचे रस्ते वसंतात वितळत होते.”

ते बराच वेळ हसत होते. मी विनोद केला नव्हता.

२१ सप्टेंबर, शनिवार

जुनी दारं उतरवली. वाइनो ती सौनाच्या, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायच्या न्हाणीघराच्या, भट्टीसाठी तोडणार आहेत. कोरडं पाइन आहे, छान पेटतं. विल्हेवाटीचा प्रश्न सुटला.

आतलं सामान खोक्यांत भरायला आई फोनवरून सूचना देत होती, त्यात फार वेळ गेला. ती सरळ सांगत नाही. “मांजराच्या डोळ्यामागे कॉफीचा डबा. दोन बहिणींच्या खाली पीठ आणि वेलची. बुडालेल्या होडीत माझी औषधं.” हे सगळं दारांवरच्या गाठींबद्दल. मी खोक्यांना आकडे दिले. नवीन कपाटांची मापं वेगळी आहेत, त्यामुळे जागाही नव्याने ठरवल्या: जे जास्त लागतं ते शेगडीजवळ. कॉफी आता डावीकडून चार नंबरच्या दारात.

“चार नंबर,” आई म्हणाली. “बरं. तुझे नंबर दारांवर दिसतात का?”

“नाही. माझ्या कागदावर आहेत.”

“बरं,” ती पुन्हा म्हणाली.

वाइनोंनी शनिवारची सौना तापवली. मला बोलावलं. मी शॉवर घेतला.

२५ सप्टेंबर, बुधवार

तीन दिवस घासकाम. दोन माणसांचे दोन हात म्हणजे दोन वेगळे दाब, आणि स्टेन हे सगळं उघड करतो. म्हणून नियम: दोघांनीही एकाच नंबरच्या पॉलिशपेपरवर थांबायचं. दारावर आधी पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, सगळ्या रेघा गेल्या की दार झालं. जिथे लाकडाचं आडवं तोंड दिसतं तिथे आणखी बारीक पेपर, कारण तिथून स्टेन गटागट आत जातो.

वाइनोंचा हात जड आहे. ते घासताना बोलतात. रानातलं कुठलं झाड कुठल्या दारात आहे हे त्यांना माहीत आहे. “ही विजेने पडलेली. ही तुझ्या आईला आवडायची, म्हणून मी पाडत नव्हतो. मग तीच म्हणाली, उभी राहिली तर मला दिसणार नाही, दार झाली तर हात तरी लागेल.”

मी म्हटलं, “त्या कोपऱ्यात पेन्सिल राहिली आहे.”

२८ सप्टेंबर, शनिवार

चौदाही दारं घासून झाली. हाताने तपासली, बाजूने दिवा धरून तपासली. एकसारखी आहेत. बाहेर दोन दिवस पाऊस लागला आहे आणि गॅरेजमध्ये ओल आहे, त्यामुळे वाइनोंच्या सुचवण्यावरून दारं सौनाच्या बाहेरच्या खोलीत उभी करून ठेवली. या घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच. सूचना योग्य होती.

मी दहाला झोपते.

२९ सप्टेंबर, रविवार

आज स्टेन लावायला घेतला आणि चौथ्या दारावर थांबले. पहिलं आणि दुसरं दार उत्तम. तिसरं आणि चौथं काळपट, गोल-गोल ओरखड्यांनी भरलेलं, जणू कुणी तारेच्या घासणीने घासलं आहे. राहिलेली दारं उजेडात नेऊन पाहिली. त्यातल्या पाचांवर तेच ओरखडे. शनिवारी ते नव्हते.

वाइनोंना विचारलं. ते आधी टोपीकडे बघत राहिले.

काल मी झोपल्यावर त्यांनी सौना तापवली होती. मधलं दार हवेसाठी उघडं ठेवलं. वाफ बाहेरच्या खोलीत आली, आणि जवळच्या दारांची लव उभी राहिली, मांजरीच्या पाठीसारखी. सकाळी माझ्याआधी उठून त्यांनी ती घासून टाकली. हाताला आला तो पेपर घेतला. जाडा.

“तुम्ही दारं ठेवली होती त्याच खोलीशेजारी पाणी ओतलंत?”

“थोडंच ओतलं. दोन डाव.”

“का?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच त्यांना कळला नव्हता. “शनिवार होता.”

मी म्हटलं, वाफ समजू शकते, लपवणं समजू शकत नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर एका तासाचं काम होतं, आता आठवडा जाईल, आणि आपल्याकडे दोनच आहेत. आवाज चढवला नाही. ते बाहेर जाऊन लाकडं फोडत बसले, गरजेपेक्षा जास्त.

आईला फोन केला. तिला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

“त्याने सौना तापवली ना?” तिने पहिलंच वाक्य टाकलं.

“त्यांनी तुला सांगितलं?”

“सकाळी सातला. रडवेला झाला होता. किर्सी, आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा त्याने तापवली होती. पाहुणे मांडवात, नवरा वाफेत. कारण काय, तर शनिवार होता.” मग म्हणाली, “तुला घाबरतो तो. तुझ्या पेन्सिलीच्या रेघांना.”

हे मला तांत्रिकदृष्ट्या पटलं नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

सकाळी कॉफीबरोबर उपाय सापडला. ज्या दारांना वाफ लागली त्यांची लव उभी राहून गेली आहे. ज्यांना लागली नाही त्यांची पुढेमागे कधीतरी राहणारच. स्वयंपाकघर आहे, किटलीची वाफ असतेच. तेव्हा सगळ्याच दारांना मुद्दाम, सारखं, एकदाच ओलं करायचं. वाळू द्यायचं. उभी राहिलेली लव सर्वांत बारीक पेपरने काढायची. मग चपडा, मग स्टेन.

वाइनोंना समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे चौदाही दारांना सौना द्यायची.”

“कोमट पाण्याचं फडकं फिरवायचं. दोन्ही बाजूंनी, नाहीतर दार वाकेल.”

“आणि गरम खोलीत वाळवायचं.”

“हो.”

“म्हणजे सौना,” ते म्हणाले, आणि भट्टी पेटवायला पळाले. सत्तरीचा माणूस पळाला.

२ ऑक्टोबर, बुधवार

स्टेन लावलेली चारही दारं पुन्हा पांढरी होईपर्यंत घासली. मग फडकं. ओलं करण्याचं काम वाइनोंना दिलं. इथे त्यांचा जड हात उपयोगी पडतो. फडकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच वेगात नेतात, वळण घेताना थांबत नाहीत. मी तसं सांगितलं.

“रस्ता साफ करताना मध्ये थांबलं की ढीग राहतो,” ते म्हणाले. कान लाल झाले होते. खोली गरम होती.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

अडचण. घासण्यात पहिला डबा वाया गेला, आणि दुसरा घ्यायला वाइनो हॅनकॉकला गेले ते रिकाम्या हाताने आले. दुकानात तो रंग संपला आहे, सोमवारी येईल. म्हणजे शनिवार-रविवार काहीच काम नाही. मी मिलवॉकीला घरी एक चक्कर टाकून येईन म्हटलं, तर म्हणाले, “रस्त्यावर हरणं असतात या दिवसांत.” हरणं नेहमीच असतात.

राहिले.

५ ऑक्टोबर, शनिवार

दारं आधी घरात हलवली. सगळी. मग वाइनोंनी सौना तापवली. जुन्या दारांची दोन फळकुटं भट्टीत गेली. त्यांचं झाल्यावर मी गेले. बऱ्याच वर्षांनी. काही सुधारणा नाही: बाक तेच, खिडकी तीच, डाव तोच.

नंतर बाहेरच्या खोलीत बसून वेलचीचा पाव खाल्ला. त्यांनी सांगितलं, आई त्यांना कशी भेटली. वादळात गाडी घेऊन जात असताना त्यांना तिच्या दारापुढे ती फावड्याने बर्फ काढताना दिसली. त्यांनी तिचा रस्ता साफ करून दिला. दुसऱ्या दिवशी ती काउंटीच्या ऑफिसात तक्रार करायला आली, की गाडीने माझी पत्रपेटी उडवली.

“उडवली होती?”

“उडवली होती.”

“मुद्दाम?”

त्यांनी पाव कॉफीत बुडवला.

६ ऑक्टोबर, रविवार

बटाटे आणायला तळघरात गेले तर पोत्यामागे स्टेनचे दोन भरलेले डबे. आमचाच रंग. वाइनोंना दाखवले.

“अरे! सापडले का?” ते म्हणाले. आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

सामानाची नोंद कुठेच ठेवत नाहीत. अशाने काम मागे पडतं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

झालं.

लव काढली, चपड्याचा हात दिला, वाळू दिला. मग स्टेन. दोघांनी मिळून: ते फडक्याने लावतात, मी लगेच मागोमाग पुसून घेते. फार वेळ राहिला की काळा, लवकर पुसला की फिका. दोघांचा वेग एक लागतो. तिसऱ्या दारापासून बोलावं लागलं नाही. ते पुढच्या दाराला हात घालायचे तेव्हा मी मागचं संपवलेलं असायचं.

चौदाही दारं भिंतीला लावून उभी केली. गडद तपकिरी, जवळपास काळी. एक ढग नाही, एक ओरखडा नाही, सांध्याशी डिंकाचा पांढुरका ठिपकासुद्धा नाही. कारखान्यात मी यापेक्षा एकसारखा पृष्ठभाग पाहिला आहे, पण तो पत्र्याचा होता.

वाइनो टोपी काढून उभे राहिले. “फार सुंदर. अगदी शवपेटीच्या गाडीसारखं.”

स्टेनची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेतात. ती कुंपणावर एकेक पसरून वाळत घातली. वाइनोंनी न सांगता तसं केलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

वरचा पारदर्शक हातही झाला. कपाटं चढवली, पांढरा ओटा बसवला, दारं बिजागऱ्यांवर टांगली. मुठी मी मिलवॉकीहून आणल्या होत्या: काळ्या, स्टीलच्या, बारीक, चौदाही एकसारख्या. बसवताना वाइनोंनी दोनदा विचारलं, मूठ कुठाय. त्यांच्या हाताखालीच होती. चष्मा तपासायला हवा त्यांचा.

सामान लावलं. कॉफी चार नंबर.

सफेद कप ओट्याच्या मागच्या काळ्या दारापुढे धरून मी डोळे किलकिले करून पाहिलं. ठळक दिसतो. दवाखान्यातल्या बाईंच्या सगळ्या अटी पूर्ण.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी हेल्वीमावशी आईला घेऊन आली. वाइनोंनी दाढी केली होती आणि हनुवटीवर कापून घेतलं होतं.

मावशीने आधी तपासणी केली. खिडकीकडे डोकं नेऊन प्रत्येक दार तिरपं पाहिलं. “एक डाग नाही गं, इर्मा,” ती म्हणाली, जरा नाराजीनेच.

आईने तळहात फिरवला. “लोणी आहे हे. कुणी केलं?”

“दोघांनी,” मी आणि वाइनो एकदम म्हणालो.

ती खूश झाली. फक्त दारांमुळे नाही, असं मला वाटलं. मग तिने बाह्या वर केल्या. “बसा सगळे. कॉफी करते.”

आम्ही बसलो. ती उभी राहिली. आधी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, कोंबडी दाणा बघते तशी. ती असंच बघते. कडेने. हात वर नेला, तो दारावरून घसरत गेला. एक दार उघडलं: तवे. बंद केलं. मोजायला सुरुवात केली, पण कुठून मोजायचं ते तिला सापडेना. आणखी एक उघडलं, आत हात घालून बाटली काढली, हलवली. गोळ्या वाजल्या.

“सगळीकडे सारखंच आहे, नाही का?” ती हसत म्हणाली. “रात्रीच्या तळ्यासारखं. दारं कुठे संपतात तेच कळत नाही.”

कुणी हललं नाही. मी ‘चार’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मदत करायची नव्हती.

तिने हात ओट्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग वळून, आमच्यापैकी कुणाच्याच दिशेने न बघता म्हणाली, “वाइनो, तूच कर कॉफी.”

वाइनोंनी केली. मी प्यायले. मावशीनेही संपूर्ण कप संपवला आणि एक शब्द बोलली नाही, आणि मावशी कधी गप्प बसत नाही.

मी कप धुवायला घेतले. मागे आई विचारत होती, “हेल्वी, तुझ्या इमारतीत कपडे धुवायचं मशीन खालीच आहे ना?”

सिंकपाशी उभं राहून मी चुकीचा शोध घेतला. चपडा बरोबर. स्टेन बरोबर. अटी बरोबर. दवाखान्यातल्या बाईंनी डाग नको म्हटलं होतं. पण त्या गाठी खरवडणारी आई त्याच गाठींमागून वर्षानुवर्षं कॉफीचा डबा काढत होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. फोनवर, एकेक करून, नावानिशी. आणि शेवटी विचारलंही होतं, तुझे नंबर दारांवर दिसतात का.

खिडकीतून सौनाच्या धुराड्याचा धूर दिसला.

शनिवार होता.

मी धावत गेले, ओल्या हातांनी. वाइनो लाकडाच्या घोडीवर जुनं दार ठेवून करवत घेऊन उभा होता.

“थांब! कापू नकोस!”

“कापत कुठे होतो,” तो म्हणाला. डोळे लाल होते, धूर होता. “तीन शनिवार झाले, हेच दार उचलतो आणि परत ठेवतो. बघतंय ते माझ्याकडे.”

मांजराचा डोळा.

“किती राहिली?”

“हे धरून चार. दोन बहिणी आहेत. होडी गेली पोरी, मागच्या शनिवारी. चांगली पेटली.”

मी त्याला सांगितलं काय करायचं ते. गाठ मधोमध येईल असे तळव्याएवढे तुकडे, कडा गोल, पिवळं पाइन तसंच ठेवायचं, स्टेन नाही, फक्त पातळ चपडा. प्रत्येक मूठ वेगळी. स्टीलच्या मुठींसाठी दारांना पाडलेली भोकंच वापरता येतील, फक्त स्क्रू लांब लागतील. काळ्या दारावर पिवळी गाठ. दारावर दुसरं काहीच नाही, त्यामुळे तीच दिसेल.

“म्हणून तर एकसारखं केलं आपण,” वाइनो म्हणाला.

“नाही. पण आता तसंच म्हणू.”

बाहेरच्या खोलीत बसलो. तो कापत होता, मी घासत होते. भट्टी तापलेली, म्हणून चपडा लगेच वाळत होता. थोड्या वेळाने मावशी आली. “लाकडं जाळायची सोडून खेळताय का दोघं?” मग तिने खाली बसून एक पेपर उचलला. तिच्यामागून आई, भिंतीला हात लावत.

मी मांजराचा डोळा तिच्या हातात दिला. तिने तो चेहऱ्याच्या बाजूला धरला, कानाशी, आणि कडेने पाहिला. अंगठा गाठीवरून फिरवला.

“कॉफी,” ती म्हणाली.

मग एकेक गाठ हातात घेऊन तिने नावं दिली. होडी विचारली. जळली म्हटल्यावर, “बरं झालं, औषधं नाहीतरी कडूच होती,” म्हणाली आणि त्यांच्यासाठी एक वाकडी गाठ निवडली. “हा वाइनोचा गुडघा. औषधं इथे.” तव्यांना मिळाली हेल्वीची नाकपुडी. मावशी म्हणाली, “माझं नाक असं नाही,” आणि वाइनो म्हणाला, “चष्मा लाव, हेल्वी.”

सौना उशिरा झाली. आधी आई आणि मी गेलो.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी वाइनोने आणि मी चौदाही मुठी बसवल्या. स्टीलच्या मुठी खोक्यात भरल्या. परत नेते, घेतील.

आई झोपेच्या कपड्यांतच आली. आम्ही तिला आणलं नाही, बोलावलं नाही. मावशी टेबलाशी बसली होती, गाडीची चावी समोर ठेवून. आई उंबऱ्यात थांबली. मान वळवली, डावीकडे, उजवीकडे. काळ्या भिंतीवर चौदा पिवळे ठिपके, प्रत्येकाचा चेहरा वेगळा.

ती सरळ गेली. मांजराच्या डोळ्याला हात घातला, डबा काढला. दोन बहिणींकडे जाऊन वेलचीही काढली, कारण रविवारी ती कॉफीत घालते. पांढऱ्या ओट्यावर निळं भांडं, काळ्या दारापुढे पांढरे कप. एकदाही हात चुकला नाही. एकदा थांबली, पण ती खिडकीबाहेर बघायला. बाहेर वर्षातला पहिला बर्फ भुरभुरत होता, आणि बर्फ तिला सगळीकडून दिसतो.

मावशीने कप तोंडाला लावला. आम्ही बघत होतो.

“कालच्यापेक्षा बरी आहे,” ती म्हणाली, आणि चावी पर्समध्ये टाकली. “त्या फ्लॅटचं मी कळवून टाकते.”

आई माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघत होती. “स्टेन एकसारखा झालाय म्हणे.”

“झालाय.”

“माहितेय. नाहीतर तो मला दिसला असता.”

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज निघायचं. गाडीत सामान भरलं. आईने वेलचीचा पाव दिला, वाइनोने रानातली सुकवलेली मश्रुमं, आणि न विचारता गाडीच्या चाकांत हवा भरली. मग खिडकीशी वाकून म्हणाला की सौनाचे बाक फार ठिकठिकाणी काळवंडलेत, रंग अगदी विटका झालाय, कुणीतरी जाणकाराने बघायला हवं.

सौनाच्या बाकांना स्टेन लावत नाहीत. घामाने, वाफेने तो अंगाला लागतो. हे त्याला माहीत आहे.

मी म्हटलं, शनिवारी येऊन बघते.